चरित्रकोशातील शेवटचे वाक्य

साक्षीवाचून जगातील कोणतीही गोष्ट खरी न मानणारा मनुष्य मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि परमेश्वराने त्याला नेमके साताऱ्यात माझ्या शेजारी आणून बसविले. सुभेदार मूळचे उंब्रजचे; लष्करातून निवृत्त झालेले. ‘बघनारा कोन व्हता?’ हा त्यांचा महामंत्र. अमक्याचा नातू बोलू लागला असे कानावर आले, की सुभेदार त्या नातवासमोर मांडी घालून बसत आणि तो ‘आई’ म्हणेपर्यंत उठत नसत. आमच्या घरच्या सत्यनारायणाला ते आवर्जून येत. एकदा कथेत साधुवाण्याची नौका अदृश्य होताच त्यांनी प्रश्नासाठी तोंड उघडले. माझ्या पत्नीने तत्परतेने प्रसादाचा द्रोण पुढे केला. शिरा संपेपर्यंत नौका सुखरूप परत आली होती.

नव्वदच्या दशकात आमच्या भागातील थोरांचा एक चरित्रकोश निघाला. त्यात सांगलीच्या एका दिवंगत इहवादी लेखकावर नोंद होती. या लेखकाचे एक पुस्तक सुभेदारांनी ऐन तरुणपणी बर्फातल्या चौकीवर वाचले होते आणि दंडावरचा ताईत सोडून ठेवला होता. “त्या मानसानं माझं भ्या काडलं, शास्त्रीबुवा,” असे ते सांगत, तेव्हा त्यांचा आवाज माझ्या संध्येतल्या आवाजासारखा होई. मी हे त्यांना कधी बोलून दाखविले नाही.

दुसऱ्या आवृत्तीसाठी संपादकांनी साधार दुरुस्त्या मागविल्या आणि सुभेदारांनी मोहीम उघडली. लाल पेन्सिल, पुठ्ठ्याची फाईल आणि सांगलीची एस.टी. लेखक बालपणी पावसाळ्यात कृष्णा पोहून शाळेत जात, असे नोंदीत होते. सुभेदार भर श्रावणात घाटावर तासभर उभे राहून आले. “आवं, तितं म्हस सुदिक इचार करंल! आन् शाळा तर घराच्याच काठाला हाय!” ते वाक्य गेले. अशी किती गेली! मी कौतुकाने ऐकत असे.

राहिले शेवटचे. ‘अखेरच्या दिवसांत ते ईश्वरचरणी लीन झाले, त्यांच्या उशाशी भगवद्गीता होती.’

सुभेदार त्या वाक्यापाशी दोन महिने अडले. ज्याला विचारावे तो म्हणे, गीता तर होतीच. “मरताना भ्याला म्हंत्यात हो,” ते एकदा म्हणाले, आणि फाईल मिटून बसून राहिले.

त्या वाक्याचा खरा साक्षी मीच होतो. तो लेखक माझा सांगलीच्या पाठशाळेतील सहाध्यायी. त्याने देव सोडला, मला सोडले नाही. त्याच्या शेवटच्या आजारात मी तीन आठवडे उशाशी होतो. गीता माझी. तो झोपला की मी माझ्यापुरती वाचत असे. तो गेला त्या धांदलीत पोथी तिथेच राहिली. समाचाराला आलेल्यांनी ती पाहिली आणि उरलेले आपल्या श्रद्धेने रचले. ते असत्य आहे हे मला ठाऊक होते. पण ते खरे असावे असे मला फार वाटत होते, म्हणून मी त्याला हात लावला नव्हता.

शेवटी सुभेदारांची मिटलेली फाईल मला पाहवेना. मी सारे सांगितले. ते रागावले नाहीत. एवढेच विचारले, “जागं झाल्यावर काय म्हनायचं त्ये?”

“म्हणे, ‘झालं का तुझं? आता वर्तमानपत्र वाच.’”

सुभेदार हसले, मीही हसलो, आणि मग दोघांनाही डोळे पुसावे लागले. त्यांनी कोरा कागद पुढे ठेवला. “लिवा. पर तुमच्या जिवाला लागत आसंल तर ऱ्हाऊ द्या, शास्त्रीबुवा. येक वाक्य ऱ्हायलं म्हनून काय हुतंय?”

एका स्वल्पविरामासाठी सांगली गाठणारा हा मनुष्य माझ्यासाठी अख्खे वाक्य सोडायला निघाला होता! मी लिहिले आणि खाली सही केली.

नवी आवृत्ती आली. आता नोंद ‘शेवटपर्यंत आपल्या विचारांवर ठाम राहिले’ येथे संपते. सुभेदारांनी ती मला दोनदा वाचून दाखविली. मी भीत भीत म्हणालो, “सुभेदार, मी रोज त्याच्या नावाने देवाजवळ दोन शब्द बोलतो. हेही त्याच्यावर लादणेच की. बंद करू का?”

सुभेदारांनी कोश मिटून बाजूला ठेवला.

“कोशात लिवायचं न्हाई,” ते हळूच म्हणाले. “पर बंद नगा करू. त्यास्नी तुमच्याबिगर दुसरं हुतं कोन?”