अक्कांची पत्रिका आणि सर्कशीचा हत्ती

हसायचंच असेल तर चहा खाली ठेवून हसा, नाहीतर ठसका लागेल. कारण ही फजिती दुसऱ्या कुणाची नाही, माझीच आहे!

धुळ्यात माझं लग्नपत्रिकांचं दुकान. शाळा अर्धी सोडलेली, पण गिऱ्हाईकानं तोंड उघडायच्या आत त्याला कुठली पत्रिका हवी ते मी ओळखायचो. निदान तशी फुशारकी तरी मारायचो!

त्या काळी जळगावला मेहरूणमध्ये माझ्या ओळखीचे एक सर राहायचे. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. त्यांनी कॉम्प्युटरला भलतंच काही शिकवलं होतं. नाव नको, नंबर नको. कागदावर नुसतं काय कुठे आहे ते काढायचं, की तो हजार चित्रांतून तसंच चित्र शोधून देणार! त्याला चित्रं हवी होती. मी दुकानातले सगळे जुने नमुने पोत्यात भरले आणि दिले पाठवून.

आणि नेमक्या पिंपळनेरच्या अक्का दुकानात आल्या.

"नाना, मोठीना लग्नले जी पत्रिका व्हती, तीच धाकलीले पायजे. तिना बापनी पसंत करेल व्हती."

बाप आता नव्हता. पत्रिका माझ्याच दुकानातली, पण घरातली हरवलेली. अक्कांना आठवत होतं ते एवढंच: वर उजवीकडे गणपती, खाली डावीकडे केळीचे दोन खांब. आणि नमुने जळगावला!

"चला अक्का," मी ऐटीत म्हणालो, "कॉम्प्युटर चुटकीसरशी काढून देईल!"

एसटीनं जळगाव गाठलं. टेबलाच्या एका बाजूला मी आणि सर, समोर अक्का. सर म्हणाले, "नाना, गणपती काढत बसू नका. एक मोठा गोल आणि दोन उभ्या पट्ट्या, बस्स."

मी झोकात काढलं. अक्कांनी समोरून पाहून मान डोलावली. सरांनी कागद माझ्यासमोरून उचलला, मशीनखाली घातला. कॉम्प्युटर बराच वेळ घुरघुरला. पडद्यावर काय आलं असेल?

स्टुलावर बसलेला हत्ती! आणि वर झोक्याला लोंबकळणाऱ्या दोन पोरी!

पोत्यात सर्कशीचं हँडबिलही गेलं होतं, दुसरं काय!

"नाना," अक्का म्हणाल्या, "मनी पोरनं लगीन शे, सर्कस नही!"

मी सरांवर घसरलो. "सर, तुमच्या कॉम्प्युटरला गणपती आणि हत्ती यातला फरक कळत नाही?" बिचारे सर ओशाळले. मी नव्या कागदावर, चांगलं ठसठशीत, पुन्हा काढलं. पुन्हा तोच हत्ती! आता तर माझी ओळख पटल्यासारखा बघत होता.

सरांनी कागद निरखला. "नाना, गोल खाली काढलाय तुम्ही."

"वर शे!" समोरून अक्का.

"अहो अक्का, खाली आहे!" सर म्हणाले.

"मना डोया फुटेल नही! वर शे!"

दोघंही हट्टाला पेटले. शेवटी अक्का उठल्या, टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आल्या आणि त्यांनी कागद बघितला. मग कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळल्या.

आता तुम्हीच सांगा, उभा जन्म गल्ल्यामागे बसून घालवलेला माणूस मी. समोरच्या गिऱ्हाईकाला सरळ दिसावं म्हणून मी कायम उलटंच काढत आलो! सवयीनं तेच केलं. अक्कांना सरळ, कॉम्प्युटरला उलटं!

सरांनी कागद फिरवला. पहिल्याच झटक्यात पत्रिका आली. वर गणपती, खाली केळीचे खांब. अक्कांनी पदर डोळ्याला लावला आणि पडद्यावरून हळूच बोट फिरवलं. "हाईच," एवढंच म्हणाल्या. सरांचे आणि त्या यंत्राचे उपकार मी तेव्हापासून मानतो. अक्कांचे त्याहून जास्त. दुसरं गिऱ्हाईक असतं तर हत्ती बघूनच उठून गेलं असतं.

पत्रिका छापून झाल्या. देवापुढे एक ठेवली आणि लगेच दुसरी द्यायला अक्का माझ्या दुकानात हजर! मला भरून आलं. दोन्ही हातांनी घेतली, बघतो तर गणपतीचे पाय वर!

"अक्का, उलटी दिलीत."

"मालूम शे," अक्का म्हणाल्या. "तुमले तशीच वाचता येस ना!"