हात लावू नका

संग्रहालयाच्या दालनात बालवाडीची मुलं रांगेनं आली. हाताची घडी, तोंडावर बोट. सोबत त्यांच्या बाई होत्या, आणि शेवटी मुलांकडून चित्रं काढून घ्यायला मी. मनगटापासून हात तुटलेल्या एका दगडी मूर्तीपुढे चार वर्षांची एक मुलगी थबकली.

"बाई, हिचे हात कुठे गेले?"

"सगळ्याला हात लावत होती ना, म्हणून तुटले," बाई म्हणाल्या. मुलांनी हाताची घडी आणखी घट्ट केली. मी मात्र हसले.

किती सहज हसले! ती मूर्ती घडवणाऱ्यानं आधी दगड हातानंच चाचपला असेल. आम्ही पोरांना कला दाखवायला आणतो आणि पहिला धडा देतो तो भीतीचा. मग मोठेपणी हीच माणसं "आम्हाला चित्रांतलं काही कळत नाही" म्हणत दारातूनच परत फिरतात, त्यात नवल कसलं?

नंतर व्हरांड्यात मी कागद आणि रंगीत खडू मांडले. बाकीच्यांनी झडप घातली. मूर्तीपुढे थबकलेली ती मुलगी एकटी हात फ्रॉकखाली लपवून बसली होती. मी लाल खडू तिच्यापुढे धरला. "घे ना गं," म्हटलं.

तिनं खडूकडे पाहिलं, मग माझ्या बोटांकडे.

"ताई, तुझे कधी तुटणार?"