काचेवरची रेघ

जिते गावचा हिरामण डोलवीच्या कंपनीत फिटर होता. हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेखातर घरून बिनतारी बोलण्याचा, परवाना त्याने नोकरीत असतानाच काढला आणि सेटही स्वतःच जुळवला. रोज सकाळी आसपासचे हौशी हॅम रेडिओच्या तबकडीवर एका ठरलेल्या जागी जमत आणि हिरामण त्यांची हजेरी घेई. निवृत्तीनंतर त्याला तेवढंच काम उरलं होतं.

डोळे अधू झाले तसे तबकडीवरचे बारीक आकडे त्याला दिसेनात. काटा भलतीकडे जाऊन तो दुसऱ्यांच्या बोलण्यात घुसू लागला. त्यांच्यातल्याच रोह्याच्या दत्तात्रेयाने स्पष्टच सांगितलं, नवा सेट घ्या, नाहीतर हजेरी मी घेतो.

हिरामण रोह्याला जाऊन दत्तात्रेयाचा नवा सेट बघून आला. रंगीत पडद्यावर निळ्या-पिवळ्या लाटा हलत होत्या. दत्तात्रेय त्यावर खूश होता.

"आणि आकडा कुठं हाय?" हिरामणने विचारलं.

"हा काय, कोपऱ्यात."

"मग एवढा पडदा कशाला? कोपराच विकायचा."

घरी आल्यावर तो बायकोजवळ कुरकुरला. सगुणा पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करायची. ती म्हणाली, सगळे आकडे कशाला हवेत, तुमची जागा तेवढी मी ठळक करून देते. दुसऱ्या दिवशी हजेरी चालू असताना, काटा बरोबर जागी असतानाच, तिने तबकडीच्या काचेवर काळी रेघ ओढली. हाताची सावली पडू नये म्हणून आखणी करताना ती डावीकडे सरून बसायची. इथेही तशीच बसली.

पुढच्या सकाळी हिरामणने काटा रेघेखाली आणला. सगळं सामसूम. त्याने हाक दिली, कोणी ओ दिली नाही. सगळे दत्तात्रेयाकडे गेले, असं समजून तो हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

सगुणा चहा घेऊन आली आणि तिच्या नेहमीच्या बाजूला उभी राहिली. "काटा रेघेवर नाय तुमचा."

"नीट बघ गो. रेघेखालीच हाय."

"नाय. इकडं या."

तो उठून तिच्या जागी गेला. काटा रेघेपासून चांगला बाजूला होता. रेघ काचेवर, काटा काचेच्या मागे. जागा बदलली की दोघांचा मेळ सुटत होता. कंपनीत गेजचा काटा तिरका वाचला म्हणून त्याने इतरांना झापलं होतं.

तिथूनच वाकून त्याने बटण फिरवून काटा रेघेखाली आणला. आवाज आले. दत्तात्रेय म्हणत होता, हिरामणदादा आज दिसत नाहीत, मीच सुरू करतो.

"थांब रे," हिरामण बोलला. "हजेरी माझी हाय."

नावं घेऊन होईपर्यंत तो वाकूनच उभा राहिला. नंतर सगुणा म्हणाली, ती रेघ पुसून समोरून नवी ओढते.

"नको," तो म्हणाला. "रेघ बरोबर हाय. मीच चुकीच्या जागी बसलो."

दुपारी त्याने खुर्ची डावीकडे सरकवली आणि ती हलू नये म्हणून पायांशी लाकडी पट्ट्या ठोकल्या.