जेलमधून आलेली डबी

जामीन झाला त्या दिवशी बरॅकमधल्या सगळ्यांनी एकच बजावलं, इथलं काही बरोबर नेऊ नकोस. जो नेतो तो परत येतो. साबण, चादर मी तिथंच वाटून टाकली. फक्त गोळ्यांची पांढरी डबी पिशवीच्या तळाशी ठेवली.

मी पाड्यापाड्यांतून नागली, वरई घेतो आणि मोखाड्याच्या बाजारात विकतो. हा धंदा मला कुणी दिला नाही, मी उभा केला. काटा मारणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या डोक्यात त्याचंच दोन किलोचं वजन घातलं, म्हणून आत गेलो. मारलं हे खरं. पण त्याच्या काट्याची तक्रार कुणी लिहून घेतली नाही. तो अजून त्याच काट्याने तोलतो.

आत गेल्यावर दवाखान्यातल्या ताईंनी एचआयव्हीची तपासणी करू का, असं विचारलं. मी म्हणालो, केली तर मला काय मिळणार? त्या हसल्या नाहीत. "तुमचं तुम्हाला कळेल," एवढंच म्हणाल्या. फुकट मिळतंय म्हणून मी हात पुढे केला. जे कळलं त्यात घासाघीस करायला जागाच नव्हती. ताईंनी समजावलं, रोज एक गोळी, खंड पडू द्यायचा नाही, मग माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो. आणि बायकोचीही तपासणी करून घ्या. गोळी मी एकदाही चुकवली नाही. बायकोचं बघू म्हणालो. ती भेटीला यायची, जाळीपलीकडून कोंबड्यांचं, रोपांचं सांगायची. मी ऐकून घ्यायचो.

साखरशेतला, आमच्या पाड्यावर पोचलो तेव्हा आई ओढ्याशी हंडा घेऊन उभी होती. आमच्या घरात जेलमधून आलेल्याला आंघोळीशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत, आणि तिथलं जे काही असेल ते जाळतात. धाकट्या भावाने काटक्या पेटवून ठेवल्या होत्या. कपडे गेले, चपला गेल्या. आईने पिशवी उचलली तसा मी तिचा हात धरला, जरा जोरातच.

"काय आहे त्यात?"

"शुगरच्या गोळ्या."

"तुला शुगर? तिथला चहा तरी गोड होता का?" आई म्हणाली. भाऊ हसला. नवे कपडे घेऊन उभी असलेली बायको हसली नाही.

आईचं म्हणणं, जेलचं औषध घरात नको, जव्हारला काय गोळ्या मिळत नाहीत? माल न दाखवता सौदा होत नाही, आणि मला माल दाखवायचा नव्हता. भावाने पिशवीतून डबी काढून खिशात घातली. मेडिकलवाला ओळखीचा आहे, तसल्याच नव्या आणतो, ही तिकडेच टाकतो, असं म्हणून तो जीपला लटकला. मी ओल्या अंगाने शिव्या देत राहिलो. आईला वाटलं, जेलने माझं डोकं आणखी बिघडवलं.

दुपारभर ओटीवर बसून होतो. बायको बारीक झाली होती. खोकतेस कधीपासून, विचारलं. पावसाळ्यापासून, म्हणाली.

भाऊ ऊन उतरल्यावर आला. आईने विचारलं तेव्हा, मेडिकलमध्ये मिळत नाहीत, एवढंच बोलला. डबी त्याने टाकली नव्हती. ती त्याने माझ्या हातात न देता ओटीवर ठेवली आणि मला अंगणाच्या कडेला नेलं.

"कसल्या आहेत ते कळलं, दादा. बंद करू नकोस." मग जरा थांबून, "वहिनीला माहीत आहे?"

मी वळून दाराकडे पाहिलं.

"उद्या तू नेतोस तिला, का मी नेऊ?"

तिला कुठं न्यायचं ते मी बघेन, माझ्या संसारात नाक खुपसू नकोस, असं मी सुनावलं. आवाज चढला होता. घरातली भाकरीची थापथप थांबली. खोकल्याची उबळ आली, आणि पिठाच्या हातांनी बायको दारात येऊन उभी राहिली.

"कुठं न्यायचंय मला?"

"जव्हारला," मी म्हणालो. कशाला, ते अजून सांगायचं होतं.