तरंगेल की बुडेल

प्रयोगशाळेत तिला सगळे थेंबताई म्हणत. कुठे रसायन गळलं, सांडलं की नमुना तिच्याकडे यायचा. ते पाण्यापेक्षा जड की हलकं, पातळ की दाट, हे मोजण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. नवरा पाहुण्यांना सांगायचा, "हिच्या हाती मधाची बाटली देऊ नका. थेंब पडायला किती सेकंद लागतात ते मोजत बसेल."

समोरच्या टेबलावरचा गणितवाला दोन वर्षांपूर्वी आला होता. रसायनाला हात न लावता तो संगणकावर त्याचे गुण वर्तवायचा. "तोंड न बघता माणसाचं वजन सांगतोस," असं ती त्याला चिडवायची. तोही हसायचा.

एका सकाळी एका कारखान्याची टाकी फुटली आणि रसायन ओढ्यात गेलं. अग्निशमन दलाच्या प्रमुखांचा फोन आला. तरंगणार असेल तर पाण्यावर तरंगता अडसर टाकून ते अडवायचं, बुडणार असेल तर तळातून पंपानं ओढायचं.

गणितवाल्यानं दोन मिनिटांत सांगितलं, "हलकं आहे. तरंगेल."

नमुना येताच थेंबताईनं मोजला. उत्तर तेच आलं. तरीही तिनं प्रमुखांना फोन लावला. "साहेब, ओढ्याचं पाणी किती थंड आहे?"

"पाच-सहा अंश असेल. हात बधिर होतोय."

तिनं नमुना बर्फात गार केला आणि तितक्याच थंड पाण्यात एक थेंब सोडला. थेंब क्षणभर रेंगाळला, मग सावकाश तळाला जाऊन बसला. तिनं पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

गणितवाल्याचा चेहरा उतरला. "माझा आकडा चुकला, ताई?"

"आकडा बरोबर आहे. पण तो या खोलीतला आहे, ओढ्यातला नाही. गारठलं की हे पाण्यापेक्षा जड होतं."

तिनं हे कळवल्यावर प्रमुख थोडे कुरकुरले, पण अडसर ठेवून त्यांनी पंप मागवले. दुपारपर्यंत ओढ्याच्या एका खोल डोहातून बहुतेक सगळं रसायन वर आलं.

दुसऱ्या दिवशी गणितवाला तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "थंडीत घेतलेली मोजमापं कुठे लिहून ठेवली आहेत का?"

तिनं कपाट उघडलं. चौदा वह्या होत्या. इतक्या वर्षांत कुणी मागितल्या नव्हत्या. त्यानं पहिली उघडली आणि तिथेच खुर्ची ओढून बसला.

त्यानंतर महिनाभर रोज जेवण झालं की ती आकडे वाचायची आणि तो ते संगणकात भरायचा. मध्येच एखाद्या आकड्यावर दोघांचं वाजायचं. मग ती उठून तो द्रव पुन्हा मोजायची. बावीस वर्षांत आपल्या कामाबद्दल इतकं लक्ष देऊन कुणी ऐकलं नव्हतं, असं तिनं घरी नवऱ्याला सांगितलं.