सात दिव्यांची बाई आणि आमचा अबोला

आमच्या घरात भांडण झालं की आवाज चढत नसे, बंद होत असे. बाकीच्यांकडे ताटं आपटतात, दारं आपटतात. आमच्याकडे अबोला. दोघांनी बोलणं सोडायचं आणि तिसऱ्याच्या तोंडून कारभार चालवायचा. "बाबाले सांग, पेपर वाचून झाला असन तं द्या म्हणा." पेपर बाबांच्या हातात, बाबा दादाच्या समोर, आणि मधे मी. मी आठवीत होते आणि या पोस्टमनच्या नोकरीचा मला अस्सा राग यायचा!

आम्ही नागपूरचे. बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यात, बदली होऊन जयपूरला आलेले. घर मानसरोवर नावाच्या वस्तीत भाड्याचं, आणि बाबांचं काम शहराबाहेर बस्सीच्या बाजूला, सकाळचा डबा घेऊन जायचे ते दिवेलागणीला परत. नागपुरात अबोला टिकत नाही. रुसलेला माणूस मामाकडे जातो, मामी जेवू घालते, वर चार शब्द सुनावते, आणि संध्याकाळपर्यंत गडी घरी. जयपुरात रुसून जायचं कुठं? शेजारी चांगले होते, पण ते 'भाईसाहब' आणि 'भाभीजी'. आमच्या गल्लीत मराठी बोलणारी माणसं आम्ही चारच. त्यातल्या दोघांनी तोंड बंद केलं, म्हणजे आमच्यापुरती जयपुरातली अर्धी मराठीच बंद पडली.

कारण दादाची बारावी. मार्क ना धड चांगले ना धड वाईट. नागपूरच्या कॉलेजात ॲडमिशन झालेली, राहणार मामाकडे. एक दिवस शेजारचे अंकल चहाला आले आणि बाबा त्यांच्यासमोर म्हणाले, "ये? ये दिनभर राक्षस मारता है कंप्युटर पे. इससे कुछ नहीं होगा." मराठीत म्हणाले असते तर दादाने ऐकून सोडून दिलं असतं. पण हिंदीत म्हणजे घरातली गोष्ट गल्लीत गेली. दुसऱ्या दिवसापासून दादा बाबांशी बोलेना. आणि पोरगा बोलत नाही म्हटल्यावर बाप कशाला बोलतो? बाबाही गप्प.

मग बाबांनी एका संध्याकाळी नवी सुटकेस आणली. निळी, चाकांची. मधल्या खोलीत ठेवली आणि मला म्हणाले, "त्याले सांग, नागपूरले न्यायले आणली." दादा आतून म्हणाला, "नको म्हणा. जुनी पेटी चालते."

आता आमच्याकडे 'नको' म्हणजे काही नको नसतं. पहिल्यांदा नको म्हणायचं ते रीत म्हणून. दुसऱ्यांदा जरा हळू म्हणायचं. तिसऱ्यांदा, "बरं, अर्धी वाढा." पहिल्याच विचारण्यात ताट पुढं करणाऱ्या पाहुण्याबद्दल तो कोपऱ्यावर पोचायच्या आत बोलून होतं. पण पुन्हा विचारायचं काम देणाऱ्याचं. अबोल्यात कोण विचारणार? त्यामुळे दादाचा नको पडला तिथंच पडून राहिला, आणि सुटकेस अंगावरच्या प्लास्टिकसकट दाराआड उभी. आई तिच्या भोवतीनं झाडू मारायची.

आईचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. बाबांचा आणि मोठ्या बाबांचा, म्हणजे त्यांच्या सख्ख्या भावाचा, असाच अबोला झालेला. कोणाच्या घरच्या लग्नात कोणी आधी बोलवायचं, असलं काहीतरी. आज बोलू, उद्या बोलू करता करता मोठे बाबा वारलेच. बाबा नागपूरला गेले ते थेट मातीला. मेथी निवडता निवडता आई मला म्हणाली, "हा पोट्टा असाच न बोलता गाडीत बसला ना, तं झालं मग. दोघं बी एकाच मातीचे. कोणी पहिले तोंड उघडणार नाही." मला रडूच आलं. दादा जाणार याचं नाही, असा जाणार याचं.

आणि या सगळ्यात दादा करत काय होता? खरंच राक्षस मारत होता. बाजाराजवळ एक सायबर कॅफे होता, प्लायवूडचे खोपे केलेला, शेजारच्या दुकानातून प्याज कचोरीचा वास यायचा आणि कीबोर्डवर तिचंच तेल. तिथं आम्ही एक ऑनलाइन गेम खेळायचो. तिघांची टोळी लागायची. दादा योद्धा, मी जखमा बऱ्या करणारी वैदीण, आणि तिसरा समोरच्या घरातला मुलगा. पण तो गेला कोट्याला कोचिंगला. तेव्हा आमची अर्धी गल्ली कोट्यालाच होती. टोळी मोडली, आणि तीही नेमकी शेवटच्या बॉसपाशी.

बॉस म्हणजे गेमच्या शेवटी बसलेला सगळ्यांत मोठा शत्रू. हा शत्रू मात्र एक बाई होती. रंगीत काचांचं चर्चसारखं उंच दालन, मधोमध पांढऱ्या झग्यातली बाई, हातात तलवार, भोवती सात दिवे. प्रत्येक दिव्याखाली एक नाव. माझी शाळा मिशनरी, सिस्टरांनी व्हरांड्यात हीच सात नावं तक्त्यावर लिहून लावलेली. ह्युमिलिटी, पेशन्स, चॅरिटी आणि बाकीची. मॉरल सायन्सच्या तासाला घोकलेली. मी तर पाहताक्षणी ओळखलं. इतर राक्षसांना मारलं की ते मरतात. हिला मारलं की आपण मरतो. हिच्यासमोर तसं वागून दाखवायचं, मग एकेक दिवा आपल्याकडे येतो, आणि सातही आले की बाई आपणहून तलवार खाली ठेवते. दादा वैतागायचा, "हा काय बॉस आहे का? ही तर तुमची सिस्टर आहे!" पेशन्सच्या दिव्याशी हात न उचलता नुसता मार खायचा असायचा. दादाचा हात शिवशिवायचा, आणि आम्ही दर वेळी तिथंच मरायचो.

एका रविवारी दुपारी कोणी तिसरा मिळतो का, म्हणून आम्ही वाट बघत बसलो होतो. आईनं जेवायला बोलवायला बाबांना पाठवलं. ते येऊन माझ्या खुर्चीमागं उभे राहिले. "सांग त्याले, पाटोडी झाली म्हणा, थंडी होऊन राहिली." मग त्यांची नजर पडद्यावर गेली. खिशातून चष्मा काढून लावला आणि एकेक दिवा वाचायला लागले.

"चॅरिटी म्हणजे दान. पेशन्स म्हणजे क्षांती. अन् डिलिजन्स म्हणजे वीर्य, मेहनत. अवो, ह्या तं आपल्या पारमिता आहेत बाप्पा!"

दर पौर्णिमेला बुद्धवंदना झाली की बाबा दहा पारमिता आम्हाला समजावून सांगायचे. आम्ही जांभया द्यायचो. ह्या परदेशी बाईच्या पायाशी त्यातल्या ओळखीच्या दिसल्यावर बाबांचा चेहरा असा फुलला, गावचं कोणी स्टेशनवर भेटावं तसा. मी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. "मग बसा ना बाबा. तिसरं कोणी नाही, आणि तुम्हाला तर सगळं पाठ आहे."

दादा पडद्याकडे बघत म्हणाला, "त्यांना सांग, मतलब, नवीन माणसाला जड जाईल."

"त्याले सांग," बाबा म्हणाले, "आम्ही गाड्या थांबवतो. बाई काय चीज आहे." आणि बसले की कोट्याला गेलेल्याच्या खुर्चीत!

पेशन्सच्या दिव्यापाशी बाई सपासप मारत सुटली. बाबांना कुठलं बटण कशाचं हेच माहीत नव्हतं, म्हणून ते काही दाबतच नव्हते. "सिग्नल लाल आहे तवरिक थांबाचं. त्याच्यात काय कठीण आहे? सांग त्याले." मी सांगितलं. "त्यांना सांग, थांबलोय." आणि दादा खरोखर थांबला. तो दिवा पहिल्यांदा आमच्याकडे आला.

ह्युमिलिटीच्या दिव्याशी टोळीतल्या सगळ्यांत बलवानानं सगळ्यांत दुबळ्यापुढं गुडघे टेकायचे होते. कोण बलवान हे गेमच ठरवायचा. दादानं बटण दाबायला जराही वेळ लावला नाही. खांद्यांवर शिंगं असलेला त्याचा चिलखती योद्धा बाबांच्या फाटक्या सदऱ्यातल्या नवशिक्यापुढं वाकला. दोघं आपापल्या पडद्याकडे बघत राहिले. बाबांनी चष्मा काढून पुसला. मग मला म्हणाले, "उठ म्हणा त्याले. गुडघे दुखतीन." मी एवढ्यांदा हसले की कॅफेवाले अंकल डोकावून गेले.

चॅरिटीचा दिवा शेवटचा. आपली सगळ्यांत लाडकी वस्तू शेजाऱ्याला द्यायची. दादानं बाबांना, बाबांनी मला, मी दादाला. घेणाऱ्यासमोर चौकट यायची, तिच्यात दोन बटणं, 'घेतो' आणि 'नको'. दादानं अख्ख्या उन्हाळ्यात कमावलेली तलवार पाठवली. बाबांनी चटकन 'नको' दाबलं. "अरे, त्याच्या मेहनतीची वस्तू! मी कशी घेऊ?" मी किंचाळले. पण तेवढ्यात त्यांनी पाठवलेली काठी माझ्यासमोर आली, आणि माझाही हात आपसूक 'नको'वरच गेला. माझ्या औषधी मुळ्यांना दादानंही 'नको'च म्हटलं. कोणी शिकवलं नव्हतं हो, वळणच तसं! पण त्या बाईकडे पुन्हा विचारायची रीत नव्हती. सातही दिवे विझले आणि आम्ही तिघं फरशीवर आडवे.

कॅफेवाल्या अंकलना हसून हसून ठसका लागला. "भाईसाहब, ये तो मनुहार हो गई!" त्यांच्याकडेही पहिल्या विचारण्यात कोणी घेत नाही, लग्नात पाहुण्याच्या तोंडात बर्फी कोंबावी लागते. त्यांना बरोबर कळलं आम्ही कसे मेलो ते.

घरी आईला मी सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली, मग एकदम भडकली. हातातला डाव दाराआडच्या सुटकेसकडे करून म्हणाली, "द्यायले दोघं बी शूर! घ्यायची वेळ आली की अंगावर काटा येते. अन् दुसऱ्यांदा विचारायले तं जीभच नाही कोणाले." सगळे खाली मान घालून थंड पाटोडी जेवले. बाबांनी माझ्याकडे पाणी मागितलं. तांब्या दादाजवळ होता. त्यानं ग्लास भरून माझ्याकडे दिला, मी बाबांकडे.

दादा जायच्या आधीचा शेवटचा रविवार आला. बाबा आमच्या आधी तयार, शर्ट खोचून. मी वाटेत मनात म्हणत होते, आज नाही झालं तर संपलं. बाई हरो न हरो, मला तिचं काय पडलंय! एकेक दिवा आला. थांबायचं तिथं थांबलो, वाकायचं तिथं दादा वाकला. मग चॅरिटी. दादानं तलवार पाठवली. बाबांसमोर चौकट आली. त्यांचा हात माउसवर तसाच राहिला. मी निरोप न्यायच्या तयारीत.

बाबांनी खुर्ची वळवली आणि दादाच्या तोंडाकडे बघून विचारलं, "घेऊ का रे?"

मला सांगायला काही उरलंच नाही. दादानं मान वर केली. "घ्या ना, बाबा."

"तुले लागन ना पण."

"घ्या म्हणतो ना!" बाबांनी 'घेतो' दाबलं.

इकडे मी ओढणीला नाक पुसत ढसाढसा रडत होते. बाबांच्या काठीची चौकट माझ्यासमोर आली आणि गेलीसुद्धा, मला काही दिसलं नाही. वेळ संपली. पुन्हा तिघं आडवे.

"भैताड पोट्टी!" दोघं एकदम ओरडले. इतकी गोड शिवी मी आयुष्यात खाल्ली नाही. घरापर्यंत ते दोघं पुढं, मी मागं, आणि पूर्ण रस्ता माझ्या वेंधळेपणावर त्यांची चर्चा. एकमेकांशी. सरळ. मी टपालखात्यातून सुटले होते.

दारात चपला काढता काढता बाबांनी सुटकेसकडे पाहिलं. "नेतं का मग ते?"

"नको..." दादा म्हणाला. आई डाव घेऊन गर्रकन वळली. "म्हणजे, चाकं चांगली आहेत ना तिची?"

"वढून पाह्य," बाबा म्हणाले. आणि दादानं प्लास्टिक टराटरा फाडलं.

त्या बाईला आम्ही कधीच हरवलं नाही. तलवार बाबांकडेच राहिली. त्यांच्या नवशिक्याला ती उचलतासुद्धा यायची नाही, नुसती झोळीत पडलेली. दादा गेल्यावर फोनवर बाबा त्याला "अभ्यास कर" म्हणून रिसीव्हर आईकडे द्यायचे, एवढंच. पण रविवारी दुपारी मला घेऊन कॅफेत जायचे. दादा मामाच्या घराजवळच्या कॅफेतून यायचा, आणि त्या उंच दालनाच्या दारात दोघं भेटायचे. बाबा तलवार परत पाठवायचे. दादा 'नको' दाबायचा. बाबा पुन्हा पाठवायचे. पुन्हा नको. मग एका बोटानं टाइप करत बाबा विचारायचे, जेवला का, मामी बरी आहे का, थंडी पडली का.

पुढं तो गेमही बंद झाला, आणि कॅफेच्या जागी मोबाइलचं दुकान आलं. आता दादा पोटभर बोलतो बाबांशी, फोनवर, कधी कधी कंटाळा येईपर्यंत. पण मला अजून ती खुर्ची आठवते आणि चष्मा नाकावर आणून तलवार पाठवणारे बाबा. एकदा मी चिडलेच होते, "बाबा, तो घेत नाही ना! कशाला सारखं विचारता?"

"मले मालूम आहे, घेत नाही म्हणून," बाबा म्हणाले. "पण त्यानं घेतली, तं पुढच्या रविवारी मी त्याले काय विचारू?"