पुसलेला प्याला
काळी द्राक्षं उकळताना जो गोडसर, तुरट वास सुटतो, त्यानं माझं डोकं अजून तापतं. नाशिकच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत तेव्हा प्रभुभोजनाच्या विधीला एकच प्याला हातोहात फिरायचा, आणि हंगामात प्याल्यातला रस उकळून काढायला द्राक्षं दिंडोरीच्या बागेत मजुरीला जाणारी एक बाई पिशवीतून घेऊन यायची. एका रविवारी पाळकसाहेब रंगून सांगत होते, स्तोत्रांतला द्राक्षारस म्हणजे देवानं माणसाला दिलेला आनंद, आणि या प्याल्यात तोच ख्रिस्ताचं रक्त, सगळ्यांसाठी सारखंच. मग प्याला निघाला. पहिल्या चार जणांनी घेतला, कुणी काही पुसलं नाही. त्या बाईनं घोट घेऊन तो पुढे दिला, तेव्हा शेजारच्या शिक्षिकाबाईंनी पर्समधून इस्त्रीचा रुमाल काढून प्याल्याची कड नीट पुसली आणि त्या हळूच म्हणाल्या, "फवारणीचं औषध असतं गं तुमच्या हातांना." ओठ लावलेली कड पुसायची आणि नाव हातांचं घ्यायचं. ती बाई शांतपणे म्हणाली, "मंग रस बी पुसून घ्या ना मॅडम. द्राक्षं याच हातांनी तोडलीत." शिक्षिकाबाई न ऐकल्यासारखं करून प्यायल्या. आता मंडळीत प्रत्येकाला वेगळा छोटा ग्लास मिळतो, स्वच्छतेसाठी म्हणे, आणि ती बाई येत नाही. मी हे सगळं तावातावानं सांगते खरी, पण शिक्षिकाबाईंनंतर तो प्याला माझ्याच हातात आला होता, आणि मी मुकाट्यानं त्या पुसलेल्या कडेलाच ओठ लावले.